मी काही लावतच नाही

"मी काही लावतच नाही गं," असं सांगणारी बाई गावोगावी असते. मावळातल्या आमच्या इंदुरीत ती आमच्याच घरात आहे आणि नात्याने माझी वहिनी लागते.

नवरात्रात कडजाईच्या देवळात हा संवाद हमखास होतो. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांनी बांधलेल्या गढीच्या आत हे देऊळ आहे. पुढे याच दाभाडे घराण्यातल्या उमाबाईंनी सरसेनापतीपदाचा कारभार पाहिला. त्यांना मोहिमेवर निघायच्या आधी आवरायला किती वेळ मिळत असेल याची नोंद कुणा बखरकाराने केलेली माझ्या वाचनात नाही. बखरी पुरुषांनी लिहिल्या. असो. तर दर्शनाच्या रांगेत कुणीतरी मैत्रीण वहिनींकडे निरखून बघते.

"किती फ्रेश दिसतेस गं! काय लावतेस?"

"मी? काही नाही. मला कुठे वेळ असतो?"

"तरी पण?"

"नुसतं फेसवॉश. तोंड तर धुवायलाच लागतं ना? त्यावर मॉइश्चरायझर, ते काय सगळेच लावतात. मग सनस्क्रीन, पण ते औषधात जमा. सीसी क्रीम थोडंसं, ते मी सनस्क्रीनवरच पसरवते, म्हणजे ते वेगळं धरायचं नाही. तेलकट दिसू नये म्हणून कॉम्पॅक्ट. काजळ तर माझी आजीसुद्धा घालायची. लिपस्टिक नाही हं, लिप बाम. त्याला जरासा रंग आहे इतकंच. आणि टिकली. बास."

अशी एकेक वस्तू वजा करत करत शेवटी बाकी शून्य काढणं हे मोठमोठ्या हिशेबनिसांना जमत नाही. वहिनी खोटं मात्र बोलत नाहीत. त्यांच्या मते मेकअप म्हणजे लग्नात पार्लरवाली करते तो, ज्यानंतर नवरीला तिचे सख्खे मामा ओळखत नाहीत. रोज सकाळी होतं त्याला त्या 'आवरणं' म्हणतात, आणि आवरायला पाच मिनिटं लागतात.

ही पाच मिनिटं समजून घ्यायची तर वहिनींची नोकरी समजून घ्यावी लागेल. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या क्वालिटीला आहेत. कंपनीची बस भल्या सकाळी आमच्या हमरस्त्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. त्याआधी पाणी भरायचं, दोन पोरांचे डबे, दादाचा डबा, स्वतःचा डबा, आईची गोळी आणि एका पोराची हरवलेली पट्टी. या सगळ्यातून जी पाच मिनिटं उरतात ती न्हाणीघराच्या बाहेर लटकवलेल्या आरशासमोरची. तो आरसा दादाच्या दाढीच्या उंचीला लावलेला आहे. वहिनी चवड्यांवर उभ्या राहून आवरतात.

कारखान्यात 'फाइव्ह एस' नावाची जपानी शिस्त शिकवतात. नको ते काढून टाका, हवं ते जागेवर ठेवा, पुसून ठेवा, नियम ठरवा, नियम पाळा. चाकणच्या प्रत्येक शेडच्या भिंतीवर ही पाच कलमं लटकलेली असतात आणि कामगार त्यांच्याखाली उभे राहून हरवलेला पाना शोधत असतात. वहिनींनी ती मनावर घेतली. पण आमच्या घराला ती लागू करणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं, म्हणून त्यांनी आपल्या ताब्यातला एकच प्रदेश निवडला. तो म्हणजे चेन लावलेला एक पारदर्शक पाऊच. पारदर्शक अशासाठी की शोधायला वेळ जाऊ नये.

पाऊचचा पहिला नियम असा की ज्या वस्तूला एकच काम येतं तिला प्रवेश नाही. लिपस्टिक (म्हणजे लिप बाम) ओठांवर लागते आणि बोटाने दोन टिपके गालांवर पसरले की तीच लाली होते. व्हॅसलीन ओठांना, कोपरांना, टाचांना आणि विस्कटलेल्या भुवया बसवायलाही. काजळाची कांडी डोळ्यांत घालायची आणि तीच वरच्या पापणीवर ओढून बोटाने जरा पुसट केली की लोक विचारतात, आयशॅडो कुठलं? केस धुवायला झालं नाही त्या दिवशी पोरांची पावडर भांगात शिंपडायची आणि झटकायची. कॉम्पॅक्टला आरसा असतो म्हणून तो ठेवलाय, नाहीतर त्याचीही गच्छंती ठरलेली होती. मस्काराची झालीच. तो उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायचा असतो आणि वहिनींचा वर्षभर संपेना.

दुसरा नियम तारखेचा. ट्यूबच्या किंवा डबीच्या मागे झाकण उघडलेल्या बरणीचं एक बारीक चित्र असतं आणि त्यात सहा किंवा बारा असा आकडा असतो. उघडल्यावर इतके महिने वापरा असा त्याचा अर्थ. हे चित्र जगात फार थोड्या लोकांनी पाहिलं असावं. वहिनी प्रत्येक ट्यूबवर मार्करने उघडल्याची तारीख घालतात आणि जुनी संपल्याशिवाय नवी फोडत नाहीत. दुकानदार नव्या बाटलीची तारीफ करत असतो तेव्हा वहिनी ती उलटी करून लॉट नंबर वाचत असतात. एकदा एका दुकानात नंबर खरवडलेला दिसला. वहिनींनी बाटली काउंटरवर ठेवली आणि ज्या नजरेने त्या पुरवठादाराकडे बघतात त्या नजरेने दुकानदाराकडे बघितलं. त्याने न मागता दुसरी दिली.

सनस्क्रीन हा मात्र स्वतंत्र अध्याय आहे. एरवी मितभाषी असलेल्या वहिनी या विषयावर कीर्तनाला उभ्या राहतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला हवंच. "बायका वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात, फरक पडत नाही." डबीवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम असा जाड थर देतात. माणसं त्याच्या निम्मासुद्धा देत नाहीत, मग आकडा खरा कसा ठरणार? हे वहिनींनी आमच्या शेजारणीला समजावून सांगितलं. ती फक्त वाटीभर साखर मागायला आली होती.

मी एकदा म्हणालो, "वहिनी, तीस एसपीएफने ९७ टक्के किरणं अडतात आणि पन्नासने ९८. एका टक्क्यासाठी जास्तीचे पैसे कशाला?"

"भाऊजी, अडलेला माल मोजायचा नसतो. सुटलेला मोजायचा. तीनाचे दोन झाले. रिजेक्शन एक-तृतीयांशाने खाली आलं तर आमचे साहेब पेढे वाटतील."

यावर काय बोलणार? हा आकडा जळजळ करणाऱ्या 'बी' किरणांपुरताच असतो आणि 'ए' किरणांसाठी डबीवर पीएच्या पुढची अधिकची चिन्हं मोजायची, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. ही 'ए' किरणं ढगांतून येतात आणि बसच्या काचेतूनही येतात. त्यामुळे पावसाळ्यातही वहिनींची रेघ चुकत नाही. लोणावळ्याला कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईतो तसाही दमलेला असतो. ढग असतात, पाणी नसतं आणि चेहरा काळवंडतो.

या सनस्क्रीनला घरात मान्यता मिळवायला वहिनींना जरा वकिली करावी लागली. आमच्या आईचा प्रश्न सरळ होता, "ह्ये औषिध हाय का नट्टापट्टा?" असाच प्रश्न एकदा सरकारने विकोच्या हळदीच्या क्रीमला विचारला होता. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत परळला सुरू केलेली ही कंपनी. क्रीम सौंदर्यप्रसाधन ठरलं तर कर जास्त आणि आयुर्वेदिक औषध ठरलं तर कमी. हा वाद कित्येक वर्षं चालला, पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि शेवटी विको जिंकली. वहिनींनी तोच मार्ग धरला. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय." झालं. निकाल एका वाक्यात लागला. तेव्हापासून रात्रीचं सीरम, दिवसाचं सीरम आणि डोळ्यांखालची जेल ही सगळी मंडळी औषधांच्या फळीवर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी बसतात.

आईचं स्वतःचं सौंदर्यशास्त्र एका डबीत मावतं, आणि ती डबी म्हणजे कैलास जीवन. भाजलं, कापलं, टाच फुटली, ओठ उलला, डास चावला, डोकं दुखलं, सगळ्यावर एकच मलम. त्यातल्या कापराचा वास आला की घरात कुणाला तरी काहीतरी झालंय हे अंगणातूनच कळतं. एक वस्तू दोन कामं, असं वहिनी मोठ्या अभिमानाने सांगतात. आईची वस्तू बावीस कामं करते आणि आई त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. फाइव्ह एसच्या दृष्टीने पाहिलं तर खरी तज्ज्ञ कोण हे मी घरात उघड बोलू शकत नाही.

आईच्या सासूकडे तर डबीसुद्धा नव्हती. कपाळाला आधी मेण, मग त्यावर कुंकू. एरंडेलाच्या दिव्यावर वाटी पालथी घालून धरलेलं काजळ. गोरं व्हायचं क्रीम, मुंबईत बनलेलं अफगाण स्नो, टाटांनी १९५२ साली काढलेलं लॅक्मे, हे सगळं शहरातल्या बायकांसाठी. आमच्या गावात त्यातलं पहिल्यांदा पोचलं ते गोरेपणाचं क्रीम. फेअर अँड लव्हली १९७५ साली आलं आणि २०२० साली नावातलं 'फेअर' गाळून 'ग्लो' झालं. नाव बदललं, पण आमच्याकडच्या आत्या-मावश्या अजूनही स्थळ बघताना जुनंच नाव मनात धरून बघतात.

वहिनी त्यावरून पेटतात. परवा आमच्या भाचीचं लग्न ठरलं आणि ती कुठल्याशा मैत्रिणीच्या सांगण्यावरून एक मलम घेऊन आली. आठ दिवसांत उजळते म्हणे. वहिनींनी ट्यूब हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि घटक वाचले. बीटामेथासोन. म्हणजे स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. थांबवलं की आणखी भडकतं, म्हणून माणूस परत लावतं. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती मिळतात. कारखान्यात खराब मालाला लाल चिठ्ठी बांधतात. वहिनींनी पोरांच्या लाल क्रेपचा तुकडा फाडला, ट्यूबला बांधला आणि ती दादाच्या हातात देऊन म्हणाल्या, "स्क्रॅप." भाची रडली. लग्नाच्या आधी पंधरा दिवस तोंडाला कुठलीही नवीन वस्तू लावायची नाही आणि जे काही लावायचं ते आधी कानामागे लावून दोन दिवस बघायचं, अशी आज्ञा झाली. वहिनींच्या अंगातला विनोदाचा भाग इथे संपतो हे मी मान्य करतो. त्या क्षणी त्या मला फार मोठ्या वाटल्या.

मात्र त्यांचा मोठेपणा कोरियापुढे टिकत नाही. तळेगावचा बंद पडलेला जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतल्यापासून आमच्या भागात कोरियाबद्दल एकूणच आपुलकी वाढलेली आहे. पुरुषांना तिथे नोकरी हवी आहे आणि बायकांना तिथली कातडी. वहिनींनी मोबाइलवर पाहिलं की कोरियन बायका तांदळाच्या पाण्याने तोंड धुतात. लगेच एक बाटली आली. बाटलीवर भाताची लोंबी, आत पाण्यासारखं पाणी आणि किंमत विचारू नये अशी. इतकं काटेकोर माणूस, पण लोंबीच्या चित्राला फसलं.

आणि हे कुठे? मावळात! ज्या इंद्रायणी तांदळाला पुण्या-मुंबईची माणसं शोधत येतात, तो वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली बाहेर पडला. आमच्या घरापासून वडगाव फार लांब नाही. रोज आमच्या मोरीत इंद्रायणीचं लिटरभर धुवण सांडतं. आईने ती बाटली उघडली, हुंगली, दोन थेंब हातावर घेतले आणि विचारलं, "ह्ये धुवणच हाय न्हवं?"

"आई, ते टोनर आहे."

"आमची म्हस इतकी वर्सं धुवण पितीय. तिचं कातडं बघ कसं चकाकतंय."

बाटली संपली, दुसरी आली नाही. आता फ्रीजच्या दारात एका जुन्या गुलाबपाण्याच्या बाटलीत घरचं धुवण असतं आणि तिच्यावर मार्करने तारीख असते. दोन दिवसांनी ते आंबतं म्हणून ओतून द्यायचं, हाही नियम ठरलेला आहे. गेल्या उन्हाळ्यात दादाने ते सरबत समजून अर्धं प्यायलं. वहिनींनी आधी तारीख बघितली, मग दादाकडे.

दादाबद्दल सांगायलाच हवं. "आपल्याला नाय बाबा असलं काय लागत," असं म्हणणारा पुरुष हा वहिनींच्या जातीचाच, फक्त त्याचं खरं असावं अशी सगळ्यांची समजूत असते. दादाला बैलगाडा शर्यतीचा नाद. कोर्टाने शर्यती परत सुरू करू दिल्यापासून चैत्र-वैशाखात हा माणूस घरी सापडत नाही. दिवसभर घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उभा, डोक्यावर टोपी, तोंडावर धुरळा. मागच्या मोसमात वहिनींच्या लक्षात आलं की सनस्क्रीनची ट्यूब हिशेबापेक्षा लवकर उतरतेय. शिवाय ती मधूनच दाबलेली असते. वहिनी शेपटाकडून दाबतात. क्वालिटीच्या बाईला एवढा पुरावा बस झाला. पण त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला दोन ट्यूबा आल्या आणि एकीवर मार्करने लिहिलेलं होतं, 'घाट'. दादाने ती निमूटपणे खिशात घातली. त्याचे मित्र विचारतात, "काय रं, तोंड लई गोरं दिसतंय?" तो म्हणतो, "आपण काय लावतच नाय."

आता राहिला बसचा भाग, कारण आरशासमोरच्या पाच मिनिटांत सगळं होत नाही हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. घरी होतं ते सनस्क्रीनपर्यंत. उरलेलं तळेगाव–चाकण रस्त्यावर. हा रस्ता म्हणजे कंटेनरची रांग, त्यांच्यामधून घुसणारे दुचाकीवाले आणि खड्डे. वहिनींना त्यातला प्रत्येक खड्डा ठाऊक आहे. जांबवड्यापर्यंत सीसी क्रीम, कारण ते बोटांनी लागतं आणि हिसका बसला तरी बिघडत नाही. संताजी जगनाडे महाराजांच्या सुदुंबऱ्याला मनातल्या मनात हात जोडायचे आणि कॉम्पॅक्ट उघडायचा. बस पूर्वेकडे जाते, त्यामुळे सकाळचं ऊन समोरून येतं आणि दिव्याची गरज लागत नाही. खालुंब्र्याला गालांवर टिपके. काजळ मात्र चालत्या बसमध्ये घालायचं नाही, हा नियम एका मैत्रिणीच्या कानापर्यंत गेलेल्या रेघेनंतर सर्वानुमते मंजूर झाला. काजळ गाडी अडकली की घालायचं. म्हाळुंग्याच्या अलीकडे गाडी अडकतेच.

त्यामुळे जगात ट्रॅफिक जामची वाट बघणाऱ्या स्त्रिया फक्त या एका बसमध्ये आहेत. ड्रायव्हरने आतल्या रस्त्याने गाडी घालून दहा मिनिटं वाचवली की मागच्या सीटवरून त्याला शिव्या बसतात. कारखान्याच्या गेटवरचा सुरक्षारक्षक बायकांच्या डोळ्यांवरून रस्त्याची खबर घेतो. सगळ्यांचे डोळे रेखीव असले की म्हाळुंग्याला तुंबलंय, मालाच्या गाड्या उशिरा येणार. डोळे कोरडे असले की रस्ता मोकळा. लॉरिअल या फ्रेंच कंपनीचा कारखानाही चाकणलाच आहे. पॅरिसमध्ये बसून कुणीतरी धावपळीतल्या स्त्रीसाठी पाच मिनिटांचं नवं काहीतरी शोधत असेल. त्याने एकदा या बसच्या मागच्या सीटवर बसावं. तिकीट लागत नाही.

गेटमधून आत शिरताना वहिनींचा चेहरा असा असतो की नव्याने लागलेली एखादी पोरगी धावत येऊन विचारते, "मॅडम, तुम्ही काय लावता?" उत्तर तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. सकाळी कधी या रस्त्याने चाकणकडे निघालात आणि म्हाळुंग्याच्या अलीकडे एखादी कंपनीची बस पुढची गाडी सरकली तरी जागची हललेली नसेल, तर दोन मिनिटं हॉर्न वाजवू नका. एक डोळा झालेला असतो, दुसरा व्हायचा असतो.